तुंबलेलं पेन पुन्हा लिहितं कसं होतं

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा असायची. वडील ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे पाटावर विळी-कोयत्याच्या शेजारी टी-स्क्वेअर, कंपासपेटी आणि त्यांची पेनं मांडलेली असत. आदल्या रात्री ते प्रत्येक पेन उघडून धुवायचे, पुसायचे आणि पाटावर ठेवताना टोपणं घट्ट लावायचे. हळदकुंकू वाहायचं ते टोपणावर. निबला कुंकू लागलेलं त्यांना चालायचं नाही. लहानपणी मला ही शिस्त पूजेचाच भाग वाटायची. स्वतः पेनं धुवायला लागल्यावर कारण समजलं. निबच्या मधली चीर टोकाशी केसाहूनही बारीक असते; कुंकवाचे दोन-चार कण तिथे बसले की शाई अडते.

आता दसरा झाला की शेजारपाजारची आणि नात्यातली पेनं माझ्याकडे येतात. सोबतचं वाक्य ठरलेलं असतं : ‘चांगलं महागाचं पेन होतं, बिघडलं.’ उघडून पाहावं तर बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. शाई आत वाळलेली असते, एवढंच. अशी पेनं ड्रॉवरच्या तळाशी पडून राहतात किंवा भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना लागतं ते पाणी आणि दोन दिवसांचा धीर.

अलीकडे कॉलेजातली मुलं-मुली हौसेने शाईचं पेन घेताना दिसतात. मात्र पेन धुवायचं कसं हे ज्यांना ठाऊक होतं ती पिढी आणि ही मुलं यांच्या मध्ये बॉलपेनची कितीतरी वर्षं गेली. आजीने लोणच्याची बरणी कशी सुकवायची हे दाखवलं, पण पेनाबद्दल सांगायचं राहून गेलं. म्हणून हा लेख.

पेनाच्या आत काय चालतं

निब उलटी करून पाहा. तिला चिकटून एक काळा, चिंचोळा, खाचा पाडलेला तुकडा दिसेल. शाळेत आम्ही त्याला जीभ म्हणायचो. इथेही तोच शब्द वापरतो. सगळ्यांचं लक्ष चकचकीत निबकडे जातं, पण पेनाचं कष्टाचं काम जीभ करते.

समईची वात आठवा. तेल खाली, ज्योत वर, तरीही तेल वर चढतं. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटी त्याला ओढून घेतात. या ओढीला केशाकर्षण म्हणतात. जिभेच्या पाठीवर टाकीपासून निबपर्यंत एक अगदी बारीक खाच असते, तीच पेनाची वात. कागदसुद्धा तंतूंचाच बनलेला असतो, त्यामुळे निब टेकली की कागद शाई ओढून घेतो. शाईच्या पेनाने लिहिताना दाबावं लागत नाही ते यामुळे.

हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं समजायला तेलाचा पंधरा किलोचा डबा डोळ्यांपुढे आणा. त्याला एकच भोक पाडलं तर तेल भक्-भक् करत येतं आणि मध्येच थांबतं. म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो : एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. पेनालाही हेच लागतं. जेवढी शाई गेली तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे, नाहीतर शाई आत अडकून बसते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या पेनाचं पेटंट घेतलं, त्याचा गाभा हाच होता. शाई उतरायची आणि हवा चढायची सोय त्यांनी एकाच जिभेवर केली.

जिभेच्या पोटाला कंगव्यासारखे दात असतात, तेही शोभेचे नव्हेत. हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ही जास्तीची शाई वहीवर पडण्याऐवजी त्या दातांमध्ये साठून राहते, तळ्याच्या सांडव्यात पाणी जावं तशी. घाट चढतानाही असंच होतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत अर्धवट भरलेलं पेन वर पोचेपर्यंत आतल्या हवेच्या जोराने शाई ओकू शकतं. प्रवासात पेन काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं असावं आणि निब वर करून खिशात ठेवावं, हा सल्ला यावरूनच आला. विमानातही हाच नियम.

म्हणजे पेन तुंबू शकतं अशा जागा तीन : शाईची खाच, हवेची वाट आणि निबची चीर. लक्षणांवरून अंदाज येतो. सुरुवातीपासून एक रेघही उठत नसेल तर चीर किंवा खाच वाळून गेली आहे. दोन ओळी छान लिहून पेन थांबतं, जरा आडवं ठेवलं की पुन्हा दोन ओळी लिहितं, असं होत असेल तर शाई नाहीतर हवा, कुणाची तरी वाट अर्धवट बुजली आहे.

वाळलेली शाई म्हणजे काय

१९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यांचीच कंपनी पुढे कॅमलिन झाली. शाईची पुडी आणायची, पाण्यात विरघळवायची, दौत भरायची, अशी ती पद्धत. पेनात शाई वाळते तेव्हा हेच उलट्या दिशेने घडतं. पाणी उडून जातं आणि मागे पुडी उरते. साध्या निळ्या, काळ्या, लाल शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो, त्यामुळे पाणी परत दिलं की तो परत विरघळतो. माझ्याकडे येणाऱ्या पेनांमध्ये जास्त करून अशीच शाई असते. वीस वर्षं पडून राहिलेलं पेनही साध्या पाण्यात निळं पाणी सोडायला लागतं, आणि ते पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

काही शाया मात्र साखरेसारख्या वागत नाहीत, आणि खरी पंचाईत तिथेच असते.

पहिली जात काजळीच्या शाईची. आपल्याकडे मोडी दस्तऐवज काजळ आणि डिंक घोटून केलेल्या शाईने लिहिले जात. काजळ पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण नुसते तरंगत असतात. म्हणूनच ते कागदावर शतकानुशतकं काळंभोर राहतं. बोरूला किंवा टाकाला अशी शाई चालायची, कारण लिहून झालं की ते लगेच पुसता येत. पेनाच्या बंद खाचेत ती वाळली तर पाणी तिला विरघळवू शकत नाही. फार तर भिजवून, सैल करून वाहून नेऊ शकतं. पेनासाठी मुद्दाम बनवलेल्या काजळीच्या शायाही मिळतात. त्यांचे कण फार बारीक दळलेले असतात. त्या वापरायला हरकत नाही, फक्त असं पेन पंधरा-पंधरा दिवस तसंच सोडू नये.

दुसरी जात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी आणलेली काळी बाटली घरात असते, आणि एखादं मूल ती शाईच्या पेनात भरतं. पारंपरिक इंडिया इंकमध्ये काजळीबरोबर लाख असते, सुताराच्या फ्रेंच पॉलिशमधली तीच. वाळली की तिचा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही. ही शाई शाईच्या पेनात कधीच भरू नये. ज्यांच्या घरी चित्रकला शिकणारी मुलं आहेत त्यांनी तर बाटलीवर तशी चिठ्ठीच लावावी.

तिसरी जात लोखंडी शाईची. हिरड्यासारख्या फळांत टॅनिन असतं. त्यात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट मिसळलं की जे द्रावण होतं ते कागदावर हवा लागून काळं पडतं आणि पाण्याने जात नाही. युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठींपासून अशीच शाई करत. आजही काही निळ्या-काळ्या शाया या प्रकारच्या आहेत. त्या आम्लधर्मी असतात आणि फार दिवस पेनात राहिल्या तर स्टीलच्या निबला गंज चढवतात.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. दोन शाया पेनात एकत्र करू नयेत. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर दोघींचा मिळून गाळ होऊ शकतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा.

साधी धुलाई

पेनाचा पुढचा, बोटांनी धरायचा भाग फिरवून वेगळा करा. उरलेली शाई काढून टाका. ती परत दौतीत ओतू नका. पेनातली घाण बाटलीत गेली तर सगळी शाई नासते.

पेनात ओढून भरायची नळी, म्हणजे कन्व्हर्टर, असेल तर वाटीत साधं पाणी घेऊन दहा-पंधरा वेळा ओढा आणि सोडा. पाणी गढूळ झालं की बदला. ड्रॉपरने भरायचं पेन असेल तर टाकी वेगळी विसळा, आणि पुढच्या भागातून पाणी जोराने काढायला मेडिकलच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज किंवा बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा वापरा. मागच्या बाजूने पाणी सोडलं की ते जिभेतून निबकडे येतं. पहिल्या दोन पिचकाऱ्यांतच इतकी शाई निघते की बघणारा चकित होतो.

मग भिजवणं. छोट्या पेल्यात बोटभर पाणी घ्या, पुढचा भाग निब खाली करून त्यात उभा ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी पाण्यात निबपासून खाली उतरणारे शाईचे धागे दिसतील. पाणी बदला, पुन्हा ठेवा. धागे दिसायचे थांबेपर्यंत हेच करायचं. साध्या शाईला एक रात्र पुरते, वर्षानुवर्षं वाळलेल्या पेनाला तीन-चार दिवस लागू शकतात. तेवढ्या वेळात आपल्या हाताला काम मात्र रोजचं दोन मिनिटांचंच.

पाणी कुठलं? नळाचं चालतं. पण बोअरचं जड पाणी असेल, ज्याने कुकरच्या आत पांढरा थर बसतो, तर तोच थर जिभेच्या खाचेतही बसेल. अशा गावात शेवटची विसळणी तरी गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याने करावी. ते क्षार काढलेलं पाणी असतं. फक्त बाटली वाचून घ्या. शेजारच्या बाटलीत बॅटरीचं ॲसिड असू शकतं आणि ते भयंकर आहे.

नव्या पेनालाही एकदा धुवावं. कारखान्यातल्या यंत्राचं तेल जिभेवर राहिलेलं असतं, आणि तेलकट ताटावरून पाणी जसं थेंब-थेंब होऊन पळतं तशी शाई त्या जिभेवर पसरत नाही.

‘पाणी स्वच्छ आलं, म्हणजे झालं ना?’

अजून नाही. वाहतं पाणी खाचेच्या मधोमध जातं, कडेला आणि दातांमध्ये शाई चिकटून राहते. निबचं टोक टीपकागदावर किंवा साध्या टिश्यूवर टेकवून पाच मिनिटं उभं ठेवा. कागद जिभेतलं पाणी वातीसारखा ओढून घेईल. डाग रंगीत आला तर आणखी एक रात्र भिजवा. पाण्याचा रंगहीन डाग आला की पेन धुतलं गेलं. ही चाचणी मी कधीच टाळत नाही. निळ्यानंतर पिवळी शाई भरायची असेल तर ती टाळूच नये, पहिलं पान हिरवं होतं.

मग निब खाली करून, टिश्यूवर, सावलीत एक दिवस वाळू द्यावं.

‘गरम पाण्याने लवकर होईल की’

बरेच जण हेच विचारतात, आणि पेनांचं सर्वांत जास्त नुकसान याच घाईने होतं. शाई गरम पाण्यात लवकर विरघळते हे खरं. पण पेन ज्या पदार्थाचं बनलंय त्याला ती ऊब सोसत नाही.

आपल्याकडची जुनी चांगली पेनं एबोनाइटची असत. राजमहेंद्रीची रत्नम पेनं यासाठीच प्रसिद्ध. स्वदेशीच्या हाकेतून १९३० च्या दशकात सुरू झालेलं ते काम, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी त्या पेनाबद्दल पत्र लिहून समाधान कळवलं होतं. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात धरायला ते उबदार लागतं, आणि त्याची जीभ शाईला प्लॅस्टिकपेक्षा चांगली धरते. पण गरम पाणी आणि ऊन लागलं की त्याचा काळा तुकतुकीतपणा जाऊन मातकट तपकिरी रंग येतो. तो मूळ रंग धुऊन परत येत नाही. म्हणून एबोनाइटला पाणी थंडच, तेही फक्त पुढच्या भागाला, आणि लगेच पुसून सावलीत.

सेल्युलॉइडची पेनं गरम पाण्यात वाकतात, रंग बदलतात. दुधातल्या केसीनपासून केलेली जुनी पेनं तर साध्या पाण्यातही भिजत ठेवू नयेत, ती फुगतात.

त्याहून वाईट सवय स्पिरिटची आणि हँड सॅनिटायझरची. ॲक्रिलिकवर अल्कोहोल लागलं की आतून बारीक भेगांचं जाळं उमटतं. १९४१ मध्ये बाजारात आलेलं पार्कर ५१ अनेकांच्या घरी आजोबांचं म्हणून जपलेलं असतं. त्याची नळी ॲक्रिलिकच्याच जातीची आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन तर सेल्युलॉइडला सरळ विरघळवतं. या दोन्ही बाटल्या पेनाच्या टेबलावर आणूच नयेत.

हट्टी शाईसाठी

पाणी कमी पडलं तर पुढची पायरी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पेलाभर पाण्यात. साबणाने पाण्याची ओढ बदलते, ते चिकट थरात शिरतं आणि कणांना सुटं करतं. नंतर मात्र चार-पाच वेळा साध्या पाण्याने काढावं. साबणाचा अंश राहिला तर शाई जास्त वाहते आणि अक्षर फुटतं.

त्यानेही नाही भागलं तर तयार पेन फ्लश मिळतो. त्यात बहुधा पातळ केलेला अमोनिया असतो. अमोनिया अल्कधर्मी आहे, आणि लाख अल्कधर्मी पाण्यात विरघळते. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, याच कारणाने उपयोगी पडतो. लाखेची शाई बनवतानासुद्धा लाख पाण्यात उतरवायला टाकणखारच वापरतात. कोमट पाण्यात चिमूटभर टाकणखार विरघळवून, पाणी गार झाल्यावर त्यात पुढचा भाग भिजवावा. ॲल्युमिनियमचे आणि सेल्युलॉइडचे भाग अमोनियात घालू नका, पितळही फार वेळ ठेवू नका.

लोखंडी शाईला हा उपाय चालत नाही, उलट तिचा थर आणखी घट्ट बसतो. तिला आम्ल लागतं. शुद्ध क जीवनसत्त्वाची पूड, अर्थात ॲस्कॉर्बिक ॲसिड, चिमूटभर पाण्यात घालून तासभर ठेवलं की काळा थर फिका होऊन सुटतो. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर असते.

एक इशारा ठळक अक्षरांत लिहावा असा : ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. घरात लहान मुलं असतील तर मी साबणाच्या पाण्यापुढे जायचा सल्ला देत नाही. लागले तर लागोत आणखी आठ दिवस.

ब्लेड, फरशी आणि झटकणं

आमच्या शाळेत पेन अडलं की तीन उपाय होते. अर्धं ब्लेड निबच्या चिरेत घालून ओढायचं, निब फरशीवर घासायची, नाहीतर पेन झटकायचं. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या शर्टावर निळे ठिपके असायचेच.

ब्लेडची धार चिरेच्या कडा कापते. निबची दोन पाती टोकाकडे जवळ येत जातात आणि त्या निमुळत्या फटीमुळे शाई टोकापर्यंत ओढली जाते. कडा खरवडल्या की ही ओढ जाते. धागा किंवा कागदाचा कण अडकला असेल तर पितळेची कागदाहून पातळ पट्टी हळूच वरून खाली सरकवतात. तीही पाण्याने काम झालं नाही तरच.

फरशीने घासलं जातं ते टोकावरचं दाण्याएवढं कठीण धातूचं टिपूस. त्याला अजूनही इरिडियम म्हणतात, जरी आज त्यात ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असे धातू असतात. ते झिजलं की खाली नुसतं मऊ सोनं किंवा स्टील उरतं आणि निब संपते. पेन खरखरत असेल तर आधी सराफाकडे असतं तसलं भिंग लावून पाहा. बहुतेक वेळा एक पातं दुसऱ्यापेक्षा किंचित वर गेलेलं असतं. वर गेलेलं पातं नखाने हलकं दाबलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा दाबलं, असं करत दोन्ही सारखी झाली की खरखर जाते.

पेन खाली पडलं तर निबवरच का पडतं, असं सगळे विचारतात. जड टोक खाली जातं. टोपण लावायची सवय हा त्यावरचा उपाय.

आजोबांच्या पेनाचा खटका

जुन्या काही पेनांच्या अंगावर धातूची छोटी पट्टी असते. ती उचलली की आतली रबरी पिशवी दाबली जाते आणि सोडली की शाई ओढते. असं पेन कपाटात सापडलं तर ती पट्टी उचलू नका. आतलं रबर इतक्या वर्षांत पापडासारखं कडक झालेलं असतं, पट्टीचा दाब आला की त्याचे तुकडे होतात, आणि कधी पट्टीच मोडते. पिशवी बदलता येते, ते काम जाणत्याकडे द्यावं.

दट्ट्याच्या पेनात दट्ट्या जड चालत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांनाही तेच लावतात, म्हणजे शाई पाझरत नाही. व्हॅसलीन लावू नये, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि ढिलं पडतं.

‘एवढा व्याप करण्यापेक्षा बॉलपेन बरं नाही का?’

घाईच्या कामाला बरंच आहे. बॉलपेनात तेलकट, घट्ट शाई असते आणि टोकाशी फिरणारी गोळी. ते धुवायचं नसतं, रिफिल बदलायची असते. पण ‘व्याप’ हा शब्द मला पटत नाही. रोज लिहिलं जाणाऱ्या पेनाला महिना-दीड महिन्यातून एकदा पाणी दाखवलं की पुरे. रंग बदलताना तर ते ओघानेच होतं. काजळीची किंवा लोखंडी शाई असेल तर दर दोन भरणींनंतर. आणि पंधरा दिवसांहून जास्त वापरणार नसाल तर रिकामं करून, धुऊन, वाळवून ठेवा. नेमानं लिहीत राहिलं तर शाई जागच्या जागी वाळायला सवडच मिळत नाही.

पावसाळ्यात दौतीकडेही लक्ष असू द्या. शाईवर साय धरल्यासारखं दिसलं, शेवाळी तंतू दिसले किंवा कुबट वास आला तर बाटली फेकून द्या. गाळून वापरायचा मोह टाळा. बुरशी पेनात गेली की ती जिभेच्या दातांमध्ये घर करते.

ड्रॉइंगची पेनं

नकाशा काढायच्या पेनांची रचना निराळी. त्यांना निबऐवजी बारीक नळी असते आणि नळीतून तिच्याहून बारीक तार जाते. तारेच्या मागे छोटं वजन असतं. पेन हलवलं की वजन मागेपुढे होतं, तार नळीतून सरकते आणि टोकाशी साचू पाहणारी शाई मोकळी करते. हॅम्बुर्गच्या रॉटरिंग कंपनीचं रॅपिडोग्राफ १९५३ मध्ये आलं, आणि पुढची कित्येक वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसांत ट्रेसिंग पेपरवरचं काम अशा पेनांवरच चाललं.

त्यांच्या जाडीचे आकडे विचित्र वाटतात : ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० मिलिमीटर. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट आहे. ए४ चा कागद ए३ करतानाही बाजू तेवढीच वाढते. म्हणजे ए३ नकाशा लहान करून ए४ केला तर ०.३५ ची रेघ बरोबर ०.२५ ची होते आणि त्याच संचातल्या दुसऱ्या पेनाने तिच्यात भर घालता येते. जाडीप्रमाणे पेनावर रंगीत कडं असतं, ०.३५ ला पिवळं, ०.५ ला तपकिरी.

या पेनांत काजळीचीच शाई असते, त्यामुळे ती वाळण्याआधी धुणं सर्वांत महत्त्वाचं. काम संपलं की टोपण लगेच, घट्ट. महिनाभर नकाशा नसेल तर शाई काढून टाकावी. धुताना पुढचा शंकू फिरवून काढायचा आणि अखंड भिजवायचा. ०.५ च्या वरच्या पेनांची तार जपून काढता येते. ०.२५, ०.१८ आणि ०.१३ ची तार कधीही बाहेर काढू नये. एकदा बाहेर आलेली ती तार परत नळीत घालताना वाकते, आणि वाकलेल्या तारेला उपाय नाही. चौदाव्या वर्षी मी वडिलांच्या ०.१८ च्या पेनाची तार कुतूहलाने ओढली होती. ते रागावले नाहीत. ते पेन त्यांनी पेटीत त्याच्या खाचेत तसंच ठेवलं, आणि त्या नकाशातल्या बारीक रेघा ऑफिसातलं पेन आणून पुऱ्या केल्या.

ती पेटी आता माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी ०.३५ चं पेन काढलं तेव्हा हलवून काहीच ऐकू येईना. वजन आत शाईत घट्ट रुतलेलं. आधी तीन दिवस साधं पाणी, मग साबणाचं, मग टाकणखाराचं. रोज रात्री पाणी बदलायचं, पेन कानाशी नेऊन हलवायचं आणि परत पेल्यात ठेवायचं. पाचव्या दिवशी पाण्यात काळे पापुद्रे दिसले. नवव्या रात्री हलवलं आणि आतून ‘टिक’ असा आवाज आला.